पगारकपातीचा कागद पाठवण्याआधी खेळाडूंना चर्चेला बोलवा

प्रति,
इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) सर्व क्लबांचे मालक व संचालक,
आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे पदाधिकारी

स. न. वि. वि.

१४ फेब्रुवारी २०२६ ला लीग सुरू होणार आणि चौदाही क्लब खेळणार, हे केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी ६ जानेवारीला जाहीर केलं, तेव्हा आमच्या मैदानावरची पोरं नाचली. मी कोल्हापुरात मुलांना फुटबॉल शिकवतो. इथे पेठापेठांत तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. लीग होणार की नाही, यावर आमच्याकडच्या कितीतरी घरांचे निर्णय अडून बसले होते. ती होते आहे, त्यासाठी तुम्ही आणि महासंघ शेवटी एकत्र बसलात, त्याबद्दल मनापासून आभार मानतो.

पण त्या बैठकांत खेळाडूंच्या बाजूने कोण बसलं होतं? क्लबांनी किती भरायचे, महासंघाने किती द्यायचे, सामने किती घ्यायचे, सगळं ठरलं. ज्यांच्या पायांवर ही लीग उभी आहे त्यांना ते बातम्यांतून कळलं. आणि पाठोपाठ क्लबांकडून पगारकपातीची विचारणा सुरू झाली. कपात मुळीच करू नका, असं मी म्हणत नाही. ज्या रीतीने ती मागितली जाते आहे, त्या रीतीला माझी हरकत आहे. एकेकट्याला गाठून सह्या घेणं थांबवा आणि खेळाडूंच्या संघटनेशी बसून एक सामूहिक करार करा, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र.

माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आज तुमच्यापैकी एका क्लबात आहे. त्याचं नाव लिहीत नाही, क्लबाचंही नाही. परवा रात्री त्याचा फोन आला. "सर, मॅनेजरनी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पानांचा कागद पाठवलाय. आजच सही करून परत पाठव म्हणतात. बाकीच्यांनी केली म्हणे." मी त्याला तो सावकाश वाचून दाखवायला सांगितला. पहिल्या पानावर हंगाम लहान झाल्याचं कारण, नवा आकडा आणि तो कधीपासून लागू, एवढंच. दुसऱ्या पानावर खालून तिसरं कलम असं, की उरलेल्या रकमेवर खेळाडूचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही, आणि मधल्या महिन्यांत जे पगार मिळाले नाहीत त्याबद्दलही तो काही मागणार नाही. पुढची कपात आणि मागची थकबाकी, दोन्ही एकाच सहीत गुंडाळलेली. एजंटला विचार म्हटलं, तर एजंट म्हणाला, सही करून टाक, उगाच डोळ्यावर येशील. मग त्याने संघातल्या दोघांना फोन केला. त्यांनाही 'बाकीच्यांनी केली' असंच सांगितलं होतं, आणि दोघांपैकी कुणीही सही केलेली नव्हती.

चोवीस वर्षांचा मुलगा आहे. गावाकडच्या घराचं कर्ज त्याच्या नावावर आहे. समोर क्लबाचे वकील, सीईओ, हिशेबनीस, आणि इकडे हा एकटा, हॉस्टेलच्या खोलीत, इंग्रजी कलमं अडखळत वाचणारा. याला तुम्ही परस्परसंमती म्हणणार असाल, तर कोर्टात ती कदाचित टिकेलही. ड्रेसिंग रूममध्ये टिकणार नाही.

आणि ही वेळ खेळाडूंमुळे आलेली नाही, हे कपातीच्या बोलण्यात विसरलं जातंय म्हणून पुन्हा सांगतो. २०१० साली महासंघाने आयएमजी-रिलायन्सबरोबर १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी नव्या कराराची बोलणी रेंगाळली, महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू राहिला, आणि ११ जुलै २०२५ ला लीग चालवणाऱ्या कंपनीने हंगाम थांबवून ठेवत असल्याचं कळवलं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवले, पाठोपाठ चेन्नईयिननेही कामकाज थांबवलं. नव्या हक्कांसाठी निविदा निघाली, तीत वर्षाला किमान साडेसदतीस कोटींची हमी मागितली होती. ७ नोव्हेंबरची मुदत उलटली, एकही बोली आली नाही. डिसेंबरअखेर मँचेस्टर सिटीची मालकी असलेला सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. २ जानेवारीला गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन, सुनील छेत्री या मंडळींना व्हिडिओ काढून फिफाला साकडं घालावं लागलं. भारताच्या कर्णधारपदाचा पट्टा बांधलेल्या माणसांनी भारतातली लीग वाचवा म्हणून बाहेर हात जोडावेत, हे बघताना फार वाईट वाटलं. या घटनाक्रमातला एकही निर्णय खेळाडूंनी घेतलेला नव्हता.

तुमचा तोटा खोटा आहे, असंही माझं म्हणणं नाही. अकरा वर्षं तुम्ही दरसाल खिशातून पैसे घातले. गेल्या हंगामात साखळी फेरीत प्रत्येक संघ २४ सामने खेळला, या वेळी १३ खेळणार. घरचे सामने निम्म्यावर आले म्हणजे तिकिटं गेली, जर्सीवरचा प्रायोजक पैसे कमी देणार, प्रक्षेपणातून काय हाती लागेल त्याचा भरवसा नाही. पगारपत्रक मात्र जुन्या हंगामाच्या हिशेबाने बांधलेलं. अशा वेळी खर्च आवळावा लागतो, हे खेळाडूंनाही कळतं. ती शेतकऱ्यांची, रिक्षावाल्यांची, पोलीस हवालदारांची पोरं आहेत. घरात पैसा आला नाही की काय करावं लागतं, हे त्यांना शिकवायला नको.

मग अडतंय कुठे? विश्वासाशी. 'तोटा आहे, म्हणून तुम्ही सोडा' असं सांगणाऱ्याने आधी वही उघडून दाखवायला हवी.

अमेरिकेतलं २०११ चं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. तिथलं फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा खेळ, पण मालक आणि खेळाडूंचं भांडण जगात सगळीकडे सारखंच. एनएफएल या तिथल्या लीगचं वर्षाचं उत्पन्न तेव्हा सुमारे ९ अब्ज डॉलर होतं. त्यातून एक अब्जाहून जास्त रक्कम मालक आधीच बाजूला काढत आणि उरलेल्याची वाटणी होई. मालक म्हणाले, खर्च वाढलेत, आणखी एक अब्ज आधी आम्हाला द्या. खेळाडूंच्या संघटनेने एवढंच विचारलं: मग दहा वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब दाखवा. मालकांनी तसे हिशेब द्यायचं नाकारलं. मार्चमध्ये त्यांनी मैदानांना टाळं लावलं, खेळाडू कोर्टात गेले, टॉम ब्रेडीसारख्या नामांकित खेळाडूचं नाव दाव्यावर पहिलं होतं. साडेचार महिने ही ओढाताण चालली. जुलैअखेर करार झाला तो दहा वर्षांचा. खेळाडूंचा वाटा एकूण उत्पन्नाच्या किमान ४७ टक्के ठरला. नवख्यांच्या अवाच्या सवा करारांना लगाम बसला, तो मालकांना हवा होता. अंगावर अंग आदळणाऱ्या सरावांवर मर्यादा आली, ती खेळाडूंना हवी होती. एक सरावसामना सोडला तर हंगाम पुरा खेळला गेला.

आपल्याकडे ९ अब्ज डॉलर नाहीत, हे मला माहीत आहे. एनएफएल नफ्याच्या वाटणीवर भांडत होती आणि आपण तोट्याच्या वाटणीवर भांडतोय. पण तोटा वाटून घ्यायचा असेल, तर तो किती हे कळायची गरज जास्तच. तुमच्या कंपन्यांचे ताळेबंद दरवर्षी कंपनी निबंधकांकडे जातातच, ते काही गुपित नाही. त्यात दिसत नाही ते या हंगामाचं अंदाजपत्रक: १३ सामन्यांचा प्रवास, मैदानांचं भाडं, परदेशी खेळाडूंवरचा खर्च, तिकिटांतून येणारी रक्कम. ते खेळाडूंच्या संघटनेच्या हाती द्या, हवं तर गोपनीयतेचा करार करून द्या. आकडे बघून जी कपात मान्य होईल, ती मनापासून मान्य होईल.

या प्रश्नाला एक जुनी बाजू आहे, ती आजच्या मालकांपैकी अनेकांना कदाचित ठाऊक नसेल. आमच्या आधीच्या पिढीतले महाराष्ट्रातले चांगले फुटबॉलपटू नोकरीत होते. एअर इंडिया, रेल्वे, बँका, मफतलाल आणि ऑर्केसारख्या गिरण्या, पोलीस, सगळ्यांचे संघ. सकाळी मुंबईत कूपरेजच्या मैदानावर सराव, दुपारी ऑफिसात हजेरी. गुडघा गेला, तरी टेबल-खुर्ची आणि पगार कायम, निवृत्तीनंतर पेन्शन. तो खेळ कमी दर्जाचा होता की नाही, यावर वाद होईल. माणूस मात्र उघड्यावर पडत नव्हता. पुढे क्लबांना लीगचा परवाना देण्याचे (क्लब लायसन्सिंगचे) नियम आले, २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर गेले, आणि व्यावसायिक करार हाच एक रस्ता उरला. तो रस्ता चांगला आहे, मीच पोरांना त्या रस्त्यावर पाठवतो. पण नोकरीचा आधार काढून घेतला तेव्हा त्याच्या जागी एकच गोष्ट आली होती: सही केलेला करार. तो करारही क्लबाच्या सोयीने बदलत असेल, तर खेळाडूच्या हातात काय राहिलं?

आणि महाराष्ट्राने क्लब बंद पडताना पुरेसे पाहिलेत. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुण्यात २०१४-१५ च्या हंगामात तीन व्यावसायिक संघ होते: पुणे एफसी, भारत एफसी आणि आयएसएलमधला एफसी पुणे सिटी. भारत एफसी एका हंगामात आटोपला, पुणे एफसी त्याच वर्षी गेला, आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही संपला. त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने २०२२ साली गोव्यातल्या फातोर्ड्याला आयएसएलचा करंडक उचलला, आणि दोन वर्षांच्या आत तिथल्या खेळाडूंचे पगार थकले, फिफाने नव्या नोंदणीवर बंदी घातली, निम्मा संघ सोडून गेला. आता तोच क्लब दिल्लीला हलवला आहे. बालेवाडीला सामने बघायला जाणारी माझी पुण्यातली मित्रमंडळी आजही विचारतात, आमचा क्लब कुठला? मालक बदलतात, शहर बदलतं, कंपनीचं नाव बदलतं. ज्याची कमाई बुडाली त्याची बुडाली. मे महिन्यात करार संपलेला बचावफळीतला खेळाडू जूनमध्ये कोणत्या दारी जाणार, याची नोंद कुणी ठेवत नाही.

दाद मागायची सोय आहे ना, असं तुम्ही म्हणाल. फिफाच्या नियमांत आहे: दोन महिन्यांचे पगार थकले, तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो. कागदावर हे भक्कम वाटतं. पण करार मोडून जायचं कुठे, जेव्हा देशातली लीगच थांबलेली आहे? दुसरी अडचण याहून मोठी. परदेशी खेळाडू थेट फिफाकडे जाऊ शकतो. भारतीय खेळाडूचा भारतीय क्लबाशी वाद झाला, तर तो महासंघाच्याच समितीपुढे चालतो. आता या हंगामाची व्यवस्था महासंघ पाहणार, त्याच्या खर्चातही महासंघाचा हिस्सा, आणि निवाडाही महासंघच करणार. समितीतली माणसं कितीही सज्जन असोत, खेळाडूच्या मनात शंका राहणारच. फिफाने इतर देशांसाठी सांगितलेली रीत अशी, की लवादात क्लबांचे आणि खेळाडूंचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने असावेत आणि अध्यक्ष तटस्थ असावा. महासंघाने ती इथे आणावी. याला फार पैसा लागत नाही.

आता कपातीबद्दल नेमकं बोलतो. फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना २००६ मध्ये बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने उभी राहिली आणि ती फिफप्रो या जागतिक संघटनेची सदस्य आहे. बोलायचं तर तिच्याशी बोला, चौदा क्लबांनी मिळून, एकदाच. मागची थकबाकी आणि पुढची कपात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, कारण जे काम करून झालंय त्याची मजुरी हा चर्चेचा विषयच होऊ शकत नाही. सराव झाले, सुपर कपचे सामने खेळले गेले, गोव्यात एफसी गोवाने ७ डिसेंबरला तो जिंकलासुद्धा. पुढच्या कपातीत सगळ्यांना एकच टक्केवारी लावू नका. वर्षाला कोटीच्या वर घेणारा आणि अकादमीतून नुकताच वर आलेला मुलगा यांना सारखी कात्री लावली, तर पहिल्याची गुंतवणूक कमी होते, दुसऱ्याच्या घरचा हप्ता चुकतो. खालच्या पायरीवरच्यांना हात लावू नका. दुखापतीतून उठणाऱ्यांना नको. किटमन, मसाजर, मैदानाची माणसं यांना तर नकोच. ही मंडळी या सगळ्या चर्चेत कुणाच्याच तोंडी नाहीत. आणि जी रक्कम कापाल त्यातली निदान काही पुढे ढकललेली असू द्या, तारखेसह. पुढच्या हंगामात नवा प्रायोजक आला, हक्क विकले गेले, तर ती परत द्या.

खेळाडू अशा वेळी मागे हटत नाहीत, याचा पुरावा आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे स्पेनमधली लीग थांबली, तेव्हा बार्सिलोनाच्या पहिल्या संघाने ७० टक्के कपात मान्य केली, आणि क्लबातल्या कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून वर आणखी पैसे घातले. त्याच स्पेनमध्ये २०११ च्या ऑगस्टमध्ये दोनशेहून अधिक खेळाडूंचे मिळून सुमारे ५ कोटी युरो थकले होते, तेव्हा संघटनेने संप पुकारला आणि लीगची पहिली फेरी ठरल्या दिवशी झालीच नाही. विश्वासात घेतलं तर ७० टक्के सोडणारे खेळाडू आणि फसवलं तर मैदानात न उतरणारे खेळाडू एकाच देशातले आहेत. इंग्लंडमध्ये आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार देता येणार नाही असा नियम होता, तो १९६१ च्या जानेवारीत मोडला. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांच्या मागे खेळाडू एक झाले आणि संपाची तारीख दोन-तीन दिवसांवर आली तेव्हा. त्यानंतर इंग्लिश फुटबॉल बुडालं नाही, हे तुम्ही दर शनिवारी बघताच. संपाची धमकी म्हणून मी हे लिहीत नाही. भारतातल्या खेळाडूंनी या सात महिन्यांत जितका संयम दाखवला, तितका फार कमी ठिकाणी बघायला मिळतो, आणि त्याचा गैरफायदा घेतला जाऊ नये अशी माझी कळकळ आहे.

खेळाडूंनाही दोन शब्द, कारण हे पत्र त्यांच्यापर्यंत जाईल. बाळांनो, संघटनेचे सभासद व्हा. कागद एकट्याने वाचू नका आणि रात्री सही करू नका. ज्यांची नावं मोठी आहेत त्यांनी आपल्या संघातल्या सर्वांत लहान पगाराच्या मुलाची बाजू आधी मांडा. संधू, झिंगन, छेत्री यांनी तोंड उघडलं म्हणून निदान देशाने ऐकलं.

महासंघाला शेवटची विनंती. या हंगामाची तात्पुरती सोय झाली, पण दीर्घ मुदतीच्या हक्कांचा प्रश्न तसाच आहे. नवी निविदा निघेल, तेव्हा तीत क्लबाने हंगामाआधी निदान तीन महिन्यांच्या पगाराची बँक हमी जमा करावी, असं कलम असू द्या. म्हणजे पुढच्या वेळी कुणी मालक निघून गेला, तरी पोरांची चूल चालू राहील. लीगचा कारभार पाहणाऱ्या मंडळात खेळाडूंचा निवडून आलेला प्रतिनिधी घ्या, त्याला मत द्या, नुसतं निमंत्रण नको. आणि निविदेचा मसुदा प्रसिद्ध होण्याआधी खेळाडूंच्या संघटनेकडे पाठवा, त्यांच्या सूचना लेखी मागवा. तोवर क्लबांनी कपातीच्या कागदांवरची सहीची मुदत मागे घ्यावी आणि १४ फेब्रुवारीच्या आत संघटनेबरोबर पहिली बैठक बोलवावी.

आपला,
एक फुटबॉल प्रशिक्षक, कोल्हापूर
जानेवारी २०२६